एका घरगुती संगणकाचें गोत्र

कोल्हापुरांत १९१८ च्या सुमारास चलच्चित्रें टिपणारा एक कॅमेरा तयार झाला. तो विलायतेहून पेटींत बंद होऊन आलेला नव्हता. बाबूराव पेंटर यांनीं विलायती कॅमेऱ्याची रचना न्याहाळून, दामले यांच्या साहाय्यानें, तो येथेंच घडविला होता. ह्या खटाटोपांतले मूळचे जोडीदार आनंदराव पेंटर १९१६ सालींच निवर्तले; तरी काम अर्धवट टाकलें गेलें नाहीं, आणि १९२० सालीं महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. कोल्हापूरकर ही हकीकत अभिमानानें सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे.

परदेशीं जन्मलेलें यंत्र एखाद्या समाजाच्या अंगवळणीं पडण्याच्या वाटा मात्र एकाहून अधिक आहेत. यंत्र उकलून, समजून घेऊन पुन्हां घडविणें ही एक वाट. मूळ कर्त्याशीं करार करून, त्याच्या परवान्यानें तें येथें जुळविणें ही दुसरी. बाबूरावांच्या कॅमेऱ्यानंतर सुमारें सत्तर वर्षांनीं ह्या दुसऱ्या वाटेनें एक नवलाची वस्तु पुण्यांत तयार होऊं लागली. ती म्हणजे घरगुती संगणक. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीनें १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ ह्या नांवानें तो विकावयास काढला. सुमारें एक फूट लांब, अर्धा फूट रुंद अशी ती काळी पेटी ज्या मुलांनीं आयुष्यांतला पहिला संगणक म्हणून हाताळली, तीं मुलें आज पन्नाशीच्या आसपास पोंचलीं आहेत. पेटी माळ्यावर गेली. कांहीं घरांत ती अद्यापि असेल. तिचें कुळ कोणतें, भावंडें किती, आणि मराठी घरांत येऊन तिला मराठी कितपत आलें, हा वृत्तान्त ऐकण्याजोगा आहे.

ह्या घराण्याचा मूळपुरुष इंग्लंडांतील केंब्रिज येथला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीनें २३ एप्रिल १९८२ रोजीं ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ जाहीर केला. १६ किलोबाइट स्मृतीच्या नमुन्याची किंमत १२५ पौंड आणि ४८ किलोबाइटच्या नमुन्याची १७५ पौंड. ब्रिटिश शाळांतून मान्यता पावलेल्या बीबीसी मायक्रो संगणकाच्या मोठ्या नमुन्याला त्याच काळीं ३९९ पौंड पडत. हा फरक योगायोगाचा नव्हता. किंमत सामान्य गृहस्थाच्या आवांक्यांत ठेवावयाची हा सिंक्लेअर यांचा संकल्प होता, आणि स्पेक्ट्रमचें प्रत्येक अंग त्या संकल्पाच्या कानसीनें घासलेलें आहे.

ह्या संगणकाला स्वतःचा पडदा नाहीं. घरांतल्या टेलिव्हिजनचा पडदा तो उसना घेतो. त्याला चकती नाहीं. गाण्याच्या कॅसेटी वाजविणारा टेपरेकॉर्डरच त्याची वही. कळफलक चाळीस कळांचा, आणि त्या कळा म्हणजे रबराच्या एकाच पत्र्याला आलेले उंचवटे. आंत झेड ८० जातीचा प्रक्रियक सेकंदास ३५ लाख ठोक्यांच्या वेगानें चालतो. चित्र काढणें, कळा वाचणें, कॅसेटीचा आवाज घेणें व देणें हीं सर्व कामें फेरांटी कंपनीनें करून दिलेल्या एकाच चिपवर सोंपविलेलीं. तिला ‘यूएलए’ म्हणतात. बहुतेक संगणकांत ह्या कामांसाठीं चिप्सची एक पलटण असे. येथें एकाच गड्यावर घराचा सारा भार. विद्युन्मंडलाची आंखणी रिचर्ड ऑल्टवॉसर यांची, यंत्राच्या पोटांत कायमची कोरलेली ‘बेसिक’ ही आज्ञाभाषा स्टीव्ह व्हिकर्स यांनीं रचलेली, आणि बाह्य रूप रिक डिकिन्सन यांचें.

काटकसरीची खरी गंमत स्मृतीच्या चिप्समध्यें आहे. ४८ किलोबाइटच्या नमुन्यांत वरच्या ३२ किलोबाइटसाठीं आठ चिप्स बसविल्या जात. त्या चिप्स जन्मतः ६४ हजार खणांच्या. परंतु कारखान्यांतून निघतांना ज्यांचा एक अर्धा भाग सदोष ठरला, त्यांचाच हा माल असे. पुरा माल म्हणून त्यांना कोणी विचारीना. सिंक्लेअर यांनीं त्या स्वस्तांत घेतल्या. एका यंत्रांतल्या आठही चिप्सचा चांगला भाग एकाच बाजूचा असला पाहिजे एवढी काळजी घेतली, आणि कोणता अर्धा वापरावयाचा हें सांगणारी एक तारेची जोडणी पट्टावर ठेविली. अर्धा किडका आंबा कापून उरलेल्याचा रस काढणाऱ्या गृहिणीला ह्या युक्तीचें मर्म सांगावें लागणार नाहीं. घरोघरचीं मुलें ज्या स्मृतींत आपले खेळ भरीत, तिच्या प्रत्येक चिपमध्यें एक बंद, आजारी खोली होती. आणि तिचा त्रास क्वचितच कोणाला झाला असेल.

चूक झांकण्याची दुसरी तऱ्हा इतकी डौलदार नव्हती. पहिल्या खेपेच्या यंत्रांत यूएलएमध्यें एक दोष राहून गेला. नवी यूएलए करून घेण्यास वेळ लागणार आणि गिऱ्हाइकें तर पैसे भरून बसलेलीं. तेव्हां एक लहानशी चिप पाय वर करून, उताणी, तारांनीं जोडून त्या पट्टावर चिकटविली गेली. कारागीर तिला ‘मेलेलें झुरळ’ म्हणत. आज जुन्या यंत्रांचे संग्राहक झांकण उघडून आधीं तें झुरळ शोधतात, कारण तें असलें म्हणजे यंत्र पहिल्या खेपेचें.

एकाच नांवाखालीं निघालेलीं हीं यंत्रें आंतून सारखीं नव्हतीं, हें येथूनच ध्यानांत यावें. पट्टाच्या आवृत्ति एकामागून एक निघत गेल्या. पहिलींत झुरळ; दुसरींत दोषाची दुरुस्ती; तिसरींत मांडणी बदलली, आणि त्या बदलांत एक बारीकशी गोष्ट घडली. कळफलक आणि कॅसेट ह्या दोहोंची खबर यंत्र एकाच दारानें घेई. कळा वाचतांना त्या दारावर कॅसेटीच्या बाजूचा जो एक अंक दिसे, तो दुसऱ्या आवृत्तींत एक आणि तिसरींत दुसरा. नीट लिहिलेल्या कार्यक्रमाला त्या अंकाशीं कर्तव्य नव्हतें. पण ज्यांनीं घाईनें सबंध आंकडा जशाचा तसा ताडून पाहिला होता, त्यांचे खेळ नव्या यंत्रावर कळा दाबूनहि हलेनात. दुकानांतून आणलेली तीच कॅसेट शेजाऱ्याच्या यंत्रावर चाले आणि आपल्यावर चालत नसे, ह्याचा उलगडा झांकण न उघडणाऱ्याला होणें शक्य नव्हतें.

१९८४ च्या ऑक्टोबरांत ‘स्पेक्ट्रम प्लस’ आला. रबर जाऊन कठीण प्लॅस्टिकच्या कळा आल्या, पेटी लांबली, डाव्या अंगाला यंत्र पुन्हां प्रथमपासून सुरू करण्याचें बटण आलें. आंत मात्र तोच ४८ किलोबाइटचा संसार. नवें घर म्हणून ज्याचें कौतुक झालें तें जुन्याच घराला दिलेला रंग होता. पुढें १२८ किलोबाइटचा नमुना प्रथम स्पेनमध्यें १९८५ त आणि मग इंग्लंडांत १९८६ च्या आरंभीं निघाला. त्याच वर्षीं एप्रिलांत ॲमस्ट्रॅड कंपनीनें सिंक्लेअर यांचा संगणकांचा सारा व्यवसाय ५० लाख पौंडांस विकत घेतला, आणि आपल्या शिरस्त्याप्रमाणें टेपरेकॉर्डर पेटींतच बसविलेला ‘प्लस टू’ व १९८७ त चकती वापरणारा ‘प्लस थ्री’ काढला.

औरस भावंडें हीं एवढीं. अमेरिकेंत टायमेक्सनें १९८३ त काढलेलें चुलत भावंड तेथील टेलिव्हिजनची रंगपद्धति निराळी असल्यानें व अंतर्रचना बदलल्यानें मूळ कार्यक्रमांशीं पटवून घेऊं शकलें नाहीं. पोर्तुगालांत एक शाखा निघाली. पूर्व युरोपांत तर परवान्याचा प्रश्नच कोणी काढला नाहीं. चेकोस्लोव्हाकियांत ‘डिडॅक्टिक’, रुमानियांत ‘एचसी’, सोव्हिएट संघांत ‘लेनिनग्राड’ आणि ‘पेंटागॉन’ अशीं नांवें घेऊन हा संगणक पुन्हां पुन्हां जन्मास आला. फेरांटीची यूएलए तेथें मिळणार कोठून? म्हणून तेथील अभियंत्यांनीं तिचें काम साध्या, बाजारी चिप्सच्या समुदायाकडून करवून घेतलें. बाबूरावांची वाट ती हीच.

पुण्याची वाट परवान्याची. भारतांत संगणक परदेशांतून आणणें त्या काळीं जकातीमुळें आणि निर्बंधांमुळें सामान्यांच्या कल्पनेबाहेरचें होतें. १९८४ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें नवें संगणकधोरण जाहीर केलें व बंधनें सैल केलीं. त्याच सुमारास ‘क्लास’ नांवाची योजना निघून देशांतील सुमारें २५० शाळांत बीबीसी मायक्रो संगणक पोंचले. ज्याची शाळा त्या अडीचशांत नव्हती, त्याच्यासाठीं उरला तो घरचा स्पेक्ट्रम. पुण्याचा डीबी स्पेक्ट्रम प्लस म्हणजे १९८४ चा ४८ किलोबाइटचा ‘प्लस’च होय. मजेची गोष्ट अशी, कीं इंग्लंडांत नव्या मालकानें ह्या नमुन्याला रजा दिली, तरी येथें त्याचा संसार चालूच होता. विलायतेच्या निवृत्त पंडिताला हिंदुस्थानांत नवी नोकरी लागावी तसा हा प्रकार. परंतु त्यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. हजारों घरांना संगणक म्हणजे काय तें ह्याच पंडितानें शिकविलें.

येथल्या घरांत त्याला दोन गोष्टी अनुकूल होत्या. इंग्लंडांतील आणि भारतांतील टेलिव्हिजनची रंगपद्धति एकच, ‘पाल’. आणि ज्या घरीं रंगीत पडदा नव्हता तेथेंहि त्याचें फारसें अडत नसे. रंगीत प्रक्षेपण आपल्याकडे १९८२ त एशियाई खेळांच्या वेळीं आलें. पुढें कित्येक वर्षें मध्यमवर्गीय घरांत काळापांढरा संचच होता. स्पेक्ट्रमचे आठ रंग काळा, निळा, तांबडा, जांभळा, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा अशा क्रमानें लावलेले आहेत. हा क्रम उगीच नाहीं. काळ्यापांढऱ्या पडद्यावर त्याच क्रमानें ते गडद करड्यापासून शुभ्रापर्यंत पायरीपायरीनें उजळत जातात. गरीब पडद्याची सोय मूळ योजनेंतच होती.

प्रतिकूल गोष्ट टेपरेकॉर्डरची. अठ्ठेचाळीस किलोबाइटचा कार्यक्रम कॅसेटीवरून चढण्यास सुमारें पांच मिनिटें लागत. पडद्याच्या कडेला रंगीत पट्टे धांवत, कर्कश आवाज येई. आणि चौथ्या मिनिटाच्या अखेरीस यंत्र इंग्रजींत एका ओळीनें कळवी कीं कॅसेट वाचण्यांत चूक झाली. मग आवाजाची खुंटी किंचित् फिरवावयाची, रेकॉर्डरच्या डोक्याशेजारचा स्क्रू बारीक पेचकसानें चिमूटभर हलवावयाचा, आणि पुन्हां पहिल्यापासून. यंत्राच्या पोटांत काय चालतें हें ज्याला पुस्तकांतून समजलें नसतें, त्याला तें ह्या पेचकसानें समजावलें. शिक्षणासाठीं म्हणून वडिलांनीं आणलेलें यंत्र बहुधा खेळण्यासाठींच वापरलें जाई, ही त्या काळची तक्रार खोटी नाहीं. तथापि चालू करतांच पडद्यावर खेळ न येतां आज्ञेची वाट पाहणारी एक कोरी ओळ येई, हेंहि तितकेंच खरें. आज्ञा दिल्याशिवाय तें कांहींच करीत नसे.

आतां मराठीचा प्रश्न. कळफलक इंग्रजी, आज्ञा इंग्रजी, चुकीची सूचनाहि इंग्रजी. स्पेननें ह्याच सुमारास कायदा करून, देशांत विकल्या जाणाऱ्या संगणकाच्या कळफलकावर त्यांचें तें डोक्यावर नागमोडी रेघ असलेलें ‘एन्ये’ अक्षर असलेंच पाहिजे असें ठरविलें. एका अक्षरासाठीं कायदा! आपल्याकडे सबंध वर्णमालाच बाहेर उभी होती, आणि तिच्यासाठीं दार ठोठावण्यास कोणी गेलें नाहीं. तरी यंत्राच्या मागील बाजूस एक खिडकी उघडी होती. वापरणाऱ्यास स्वतःचीं अक्षरें रेखाटतां यावींत म्हणून सिंक्लेअर यांनीं एकवीस जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. प्रत्येक अक्षर आठ ओळींचें, प्रत्येक ओळींत आठ ठिपके. ठिपका हवा तेथें एक आणि नको तेथें शून्य. पहिली ओळ ११११११११ अशी लिहिली कीं शिरोरेषा उमटली.

येथवर सोपें. पुढें देवनागरी आपलें स्वरूप दाखविते. वरच्या मात्रेला किंवा वेलांटीला निदान दोन ओळी हव्यात, शिरोरेषेला एक, अक्षराच्या अंगाला निदान पांच, आणि खालच्या उकाराला दोन. बेरीज दहा, जागा आठ. इंग्रजीचीं अक्षरें ह्या चौकटींत सुखानें बसतात, कारण चौकट त्यांच्याच मापानें शिवलेली आहे. मराठीला तोच सदरा काखेंत फाटतो. म्हणून एकावर एक दोन चौकटी घेऊन अक्षर काढावें, तर पडद्यावरच्या चोवीस ओळींच्या बारा होतात. तें सोसलें असें समजूं. आतां ‘कोल्हापूर’ एवढा एकच शब्द लिहावयाचा. क, त्याच्यापुढचा ओकाराचा काना, अर्धा ल, ह, त्याचा काना, दीर्घ उकारासह प, आणि र असे सात उभे भाग. प्रत्येकाच्या दोन चौकटी म्हणजे चौदा. दोन्ही कान्यांचा खालचा अर्धा एकच, म्हणून तेरा. एकवीसांतल्या तेरा जागा एका गांवाच्या नांवांत संपल्या! ‘करवीर’ लिहावयास उरलेल्या आठांत व आणि वेलांटी कशीबशी मावतील. ‘पंचगंगा’ म्हणतां म्हणतां कोठार रिकामें.

दुसरी एक युक्ति होती. छापील अक्षरांवर नवीं अक्षरें चढविण्याची ‘ओव्हर’ नांवाची आज्ञा स्पेक्ट्रमला ठाऊक होती. मात्रा स्वतंत्र रेखाटून अक्षरावर चढवावी, म्हणजे जागा वांचतील असें कोणालाहि वाटावें. परंतु त्या आज्ञेचा नियम असा, कीं दोन ठिपके एकावर एक आले तर दोन्ही नाहींसे होतात. शिरोरेषेवर शिरोरेषा ठेविली कीं शिरोरेषाच पुसली गेली. तेव्हां मात्रा शिरोरेषेविना काढणें आलें. तिसरी वाट अधिक धाडसाची: यंत्राला आपल्या ९६ अक्षरांचा तक्ता कोठें आहे हें सांगणारा आंकडा २३६०६ आणि २३६०७ ह्या दोन खणांत असतो. तो बदलून, ७६८ बाइटांचा स्वतःचा सबंध तक्ता स्मृतींत मांडला, तर इंग्रजी अक्षरें बाजूस सारून त्यांच्या जागीं मराठी अक्षरें उभीं करतां येतात. ह्या मार्गानें मराठीचा बराचसा संसार मांडतां येई. मात्र मग चालू असलेल्या कार्यक्रमाच्या इंग्रजी आज्ञाहि पडद्यावर देवनागरीच्या वेषांत येऊन अर्थहीन होत. एकाच खोलींत दोन भाषांना जागा नव्हती.

हा कोंडमारा एकट्या मराठीचा नव्हता. त्याच वर्षांत कोरियांतहि घरगुती संगणक निघत होते, आणि त्यांची हकीकत पुण्याच्या हकीकतीला ताडून पाहण्याजोगी आहे. सॅमसंगचा ‘एसपीसी १०००’ हा स्पेक्ट्रमचा समकालीन. त्याचा प्रक्रियक त्याच झेड ८० जातीचा, स्मृति ६४ किलोबाइट, टेपरेकॉर्डर पेटींतच, बारीक चित्रासाठीं पडदा तोच, २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा. बेसिक भाषा जपानच्या हडसन कंपनीनें रचलेली. त्याच्या पाठोपाठ ‘एसपीसी १५००’ आला. गोल्डस्टारनें ‘एफसी’ मालिकेचे नमुने काढले, आणि देवूनें अनेक देशांनीं मान्य केलेल्या ‘एमएसएक्स’ पद्धतीचा स्वीकार केला. ह्या यंत्रांचें एकमेकांशीं पटत नसे. एकाची कॅसेट दुसऱ्याला वाचतां येत नसे. म्हणजे विविधतेचा जाच तेथेंहि होता. फरक इतकाच, कीं तेथें हीं यंत्रें स्वतःच्या नांवानें काढणारे कारखानदार मोठे होते, आणि देशी यंत्राला शाळेचें गिऱ्हाईक सरकारनें मिळवून दिलें. आपल्या शाळांना दिलेला संगणक केंब्रिजचा होता.

कोरियाच्या हंगुल लिपीचा पेंच देवनागरीसारखाच आहे. तिचे वर्ण थोडे, पण ते एकमेकांशेजारीं न बसतां एका चौकटींत आरंभींचा, मधला आणि शेवटचा असे रचले जातात. आरंभींचे १९, मधले २१, आणि शेवट २७ प्रकारचा किंवा मुळींच नाहीं. गुणाकार केला कीं ११,१७२ अक्षरें होतात. वर्णांचे सांकेतिक अंक देऊन यंत्राकडून अक्षर जुळवून घ्यावें असा एक पक्ष होता. तयार अक्षरांचीच यादी करावी असा दुसरा. १९८७ त सरकारी प्रमाणानें दुसरा पक्ष उचलला आणि यादींत २,३५० अक्षरें घातलीं. पुढें १९९० च्या सुमारास एका दूरचित्रवाणी मालिकेच्या नांवांतलें पहिलेंच अक्षर त्या यादींत नाहीं असें आढळलें. ‘त्तोम’ असा त्याचा उच्चार. लोक तें रोज ऐकत होते, बोलत होते, आणि यंत्राला लिहितां येत नव्हतें. वाद इतका वाढला कीं १९९२ त जुळवणीची पद्धतिहि प्रमाणाला जोडावी लागली. आणि १९९६ पासून युनिकोड ह्या जागतिक संकेतांत ११,१७२ च्या ११,१७२ अक्षरांना स्थान मिळालें.

मराठीला ह्याचा अर्थ समजावून द्यावा लागत नाहीं. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ ह्या शब्दांतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र हिंदीच्या मापानें केलेल्या कळफलकावर शोधतांना ज्यांच्या बोटांना ठेंच लागली आहे, ते ‘त्तोम’वाल्यांचे सख्खे बंधु होत.

देवनागरीचा मार्ग अखेर मोकळा झाला तो पुण्यांतच, परंतु स्पेक्ट्रमच्या पेटींतून नव्हे. कानपूरच्या आयआयटींत भारतीय लिप्यांसाठीं चाललेलें काम पुण्यास १९८८ त स्थापन झालेल्या सी-डॅक ह्या संस्थेंत आलें. त्या कामांत मोहन तांबे यांचा मोठा वांटा होता. ‘जिस्ट’ नांवाचें एक कार्ड कचेरींतल्या मोठ्या संगणकांत बसविलें कीं पडद्यावर देवनागरी उमटे. अक्षरांच्या याद्या करण्याच्या फंदांत तें पडलें नाहीं. क, हलन्त, ष असे वर्ण उच्चाराच्या क्रमानें घ्यावे आणि ‘क्ष’ यंत्रानें जुळवावा, हें त्याचें तत्त्व. तेंच तत्त्व १९९१ च्या ‘इस्की’ ह्या भारतीय प्रमाणांत आहे, आणि युनिकोडमधल्या देवनागरीचा पायाहि इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर रचलेला आहे. कोरियानें आधीं यादी केली आणि मग पस्तावला. येथें पहिल्यापासून जुळवणीचा मार्ग धरला गेला, हें श्रेय निःसंशय द्यावें लागेल. पण जिस्टचें कार्ड कचेऱ्यांसाठीं आणि छापखान्यांसाठीं होतें. घरच्या टेलिव्हिजनपुढें मांडी घालून बसलेल्या मुलाच्या यंत्रापर्यंत तें उतरलें नाहीं. आणि १९९० च्या सुमारास त्या यंत्राचा येथला बाजारच संपला.

माळ्यावरच्या त्या पेटीचें आज काय करावें? ती काढून सरळ विजेला जोडणें हितावह नाहीं. खालच्या १६ किलोबाइटच्या जुन्या चिप्सना तीन निरनिराळे दाब लागतात: अधिक पांच, अधिक बारा आणि उणें पांच व्होल्ट. ते पुरविणाऱ्या मंडलांतील एक लहान ट्रान्झिस्टर वृद्धापकाळीं प्रथम दगा देतो, आणि उणें पांचचा पुरवठा तुटला कीं चिप्स जळतात. कळांखालचें प्लॅस्टिकचें पातळ पटल सुकून, त्याच्या पट्ट्या वांकवितांच मोडतात. ट्रान्झिस्टर कोणत्याहि दुरुस्तीच्या दुकानांत मिळेल. पटलें नवीं तयार होतात. शिवाजी उद्यमनगरांतल्या एखाद्या चौकस कारागिराला झांकणाचा मोडका पाय घडवून देणें अवघड जाऊं नये.

मिळत नाहीं ती यूएलए. फेरांटीचा तो व्यवसाय केव्हांच संपला. ख्रिस स्मिथ ह्या इंग्रज अभियंत्यानें ती चिप उकलून, तिची आंतील रचना दुव्यामागून दुवा वाचून काढली, आणि २०१० त तिच्यावर सबंध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या अभ्यासावरून यूएलएवांचून, बाजारांत मिळणाऱ्या साध्या चिप्सवर चालणारा स्पेक्ट्रमचा पट्ट हौशी लोक आज घरीं जुळवितात. झेड ८० मात्र सर्वांहून चिवट निघाला. १९७६ त बाजारांत आलेली ती चिप झायलॉग कंपनी थेट आपल्या काळापर्यंत करीत होती. तिच्या मूळ घडणीच्या मागण्या तिनें २०२४ च्या जूनमध्यें शेवटच्या म्हणून स्वीकारल्या.